न्यू जर्सीत मंडळाच्या दिवाळीला आकाशातली आतषबाजी: परवाना कोणाचा, कोणाच्या नावावर?

प्रश्न (मैदानवाला)

आमचं मराठी मंडळ मध्य न्यू जर्सीत यंदा शाळेच्या मैदानावर दिवाळी करतंय. माणसं साधारण ३००. दहा मिनिटांची आकाशात फुटणारी आतषबाजी हवी आहे, ३ इंची शेल्सपर्यंत (शेल म्हणजे नळीतून वर उडून आकाशात फुटणारा गोळा). आम्ही चौघे हौशी, इलेक्ट्रिक फायरिंगचं सामान घ्यायचीही तयारी आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या दुकानातून माल आणून आपणच उडवला तर? टाउनशिपची परवानगी काढली की भागतं, की एटीएफकडेही, म्हणजे स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याकडेही, जावं लागतं? चौघांपैकी दोघे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, एकाकडे ग्रीन कार्ड, एक नागरिक. याने काही फरक पडतो का?

उत्तर (वातीवर बोट)

शेवटचा प्रश्न आधी, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. फरक पडतो, आणि मोठा पडतो.

फटाक्यांचे इथे दोन वर्ग. खोक्यावर यूएन०३३६, १.४जी असेल तर तो ग्राहकांसाठीचा माल. त्याला एटीएफचा परवाना लागत नाही. यूएन०३३५, १.३जी म्हणजे डिस्प्ले फायरवर्क्स. तुमची ३ इंची शेल्स यात येतात, कारण ग्राहकांच्या शेलला व्यास १.७५ इंच आणि एकूण मसाला ६० ग्रॅम ही मर्यादा आहे. १.३जी माल केंद्रीय कायद्याने स्फोटक धरला जातो, आणि २००२ च्या सेफ एक्स्प्लोझिव्ह्ज अॅक्टपासून, मोजके अपवाद सोडले तर, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला स्फोटक ताब्यात ठेवायलाच बंदी आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ हे तात्पुरते व्हिसावाले सगळे त्यात आले. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, प्रलंबित आहे म्हणूनही चालत नाही. ताबा म्हणजे मालकीच असं नव्हे. शेल मॉर्टरमध्ये (उडवायच्या नळीत) उतरवणं, खोकं ट्रकमधून काढणं, हाही ताबाच.

ई-मॅच, म्हणजे विजेने वात पेटवणारी मसाला लावलेली तार, तीही त्यातच येते. चार्जरच्या वायरसारखी दिसते म्हणून लोक बिनधास्त मागवतात, पण तीही नियंत्रित स्फोटकांत मोडते. १.४जी मालासाठी निक्रोम तारेचे क्लिप-ऑन इग्नायटर मिळतात, त्यांत मसाला नसतो, म्हणून परवाना नको. वातीवर नीट दाबून बसवले नाहीत तर मात्र पेटत नाहीत.

पेनसिल्व्हेनियाचं म्हणाल तर दुकानदार विकेल, पूल ओलांडलात की तुम्ही अडकलात. न्यू जर्सीने २०१७ मध्ये फक्त फुलबाज्या आणि जमिनीवरचे, न उडणारे प्रकार मोकळे केले. हवेत जाणारं काहीही परवान्याशिवाय बाळगणं गुन्हाच. आणि भारतातून बॅगेत सुतळी बॉम्ब आणायचा विचार कोणी करत असेल तर सोडून द्या: विमानात हातातल्या आणि चेक-इन दोन्ही सामानात फटाके निषिद्ध, शिवाय इथे जमिनीवरच्या फटाक्यात आवाजाचा मसाला ५० मिलिग्रॅमपर्यंतच चालतो.

उत्तर (फूटपट्टी)

परवान्याआधी मैदान मोजा. एनएफपीए ११२३ या आतषबाजीच्या सुरक्षा मानकाचा ढोबळ नियम: शेलच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट त्रिज्या. ३ इंचाला २१० फूट, ४ इंचाला २८०. म्हणजे ३ इंचासाठी ४२० फूट व्यासाचं वर्तुळ, ज्यात प्रेक्षक, गाड्या, इमारत काही नको.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान एंड झोन धरून ३६० बाय १६० फूट. मधोमध मॉर्टर ठेवलेत तरी रुंदीकडून दोन्ही बाजूंना ८० फूटच मिळतात. उरलेले १३० फूट मैदानाबाहेर मोकळे लागतील, आणि तिथे बहुतेक ठिकाणी बाकडी किंवा पार्किंग असतं. ३ इंचाखालच्या शेल्सना १४० फूट त्रिज्या, ते बऱ्याच शाळांत बसतं. माझं मत: ३ इंचाचा हट्ट सोडा. २.५ इंची शेल्स आणि केक्स (एका वातीवर ओळीने उडणाऱ्या नळ्यांची खोकी) मिळून ३०० माणसांसाठी भरपूर होतं.

मैदानवाला

एच-१बीचं ठाऊकच नव्हतं. मग ग्रीन कार्डवाल्याने आणि नागरिकाने मिळून स्वतःचा परवाना काढला तर? की सरळ कंपनी बोलवावी?

उत्तर (वातीवर बोट)

परवाना निघतो. एटीएफचं युजर परमिट ३ वर्षांसाठी १०० डॉलर. लिमिटेड परमिट वर्षाला २५ डॉलर, पण त्यात वर्षात ६ वेळाच माल घेता येतो आणि तोही स्वतःच्या राज्यातल्याच विक्रेत्याकडून. पेनसिल्व्हेनियाचा विक्रेता त्यावर देणार नाही. बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी, आणि माल हाताळणाऱ्या प्रत्येकाचं नाव अर्जात. पूर्ण अर्जावर निर्णयाला कायद्याने ९० दिवस, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरुवात केलीत तर दिवाळी हुकली.

खरी अडचण साठवणीची. १,००० पौंडांपर्यंतच्या डिस्प्ले मालालाही वस्तीच्या इमारतीपासून १५० फूट अंतर, दोन कुलपं, दर ७ दिवसांनी पाहणी. माल ठेवल्याचं अग्निशमन खात्याला त्याच दिवशी तोंडी आणि ४८ तासांत लेखी कळवायचं. उपनगरातल्या परसात हे बसत नाही. त्याच दिवशी आणून त्याच दिवशी उडवणारे गोदाम बांधत नाहीत, पण पाऊस आला तर माल कुठे ठेवणार याचं दुसऱ्या परवानाधारकाचं पत्र एटीएफ मागते. एका संध्याकाळसाठी कंपनीच बरी.

उत्तर (टाउन हॉल)

कंपनी घेतलीत तरी परवानगीमागे मंडळालाच धावावं लागतं. टाउनशिपच्या काउन्सिलचा ठराव लागतो, बैठका महिन्यातून एकदोनच, म्हणून निदान तीन महिने आधी हालचाल करा. आधी स्कूल बोर्डाची लेखी परवानगी, मग फायर ऑफिशियल आणि पोलीसप्रमुख. मोजमापांसह नकाशा द्या: मॉर्टर कुठे, प्रेक्षकांची दोरी कुठे, झाडं, विजेच्या तारा, गाडी यायचा रस्ता.

अर्ज परत येतो तो बहुधा विम्यावरून. प्रमाणपत्रावर टाउनशिप आणि स्कूल बोर्ड दोघांची पूर्ण कायदेशीर नावं 'अॅडिशनल इन्शुअर्ड' (त्याच विम्याचं संरक्षण मिळणारे) म्हणून हवीत. आणि पावसाळी पर्यायी तारीख ठरावात, परवान्यात आणि विम्यात, तिन्हीकडे एकच लिहा. एका जरी कागदावर लिहायची राहिली तर त्या पर्यायी दिवशी ढग नसतानाही कार्यक्रम रद्द होतो.

एच-१बीवाल्या दोघांना संगीताची क्यू शीट (कुठल्या सुरावर काय उडवायचं त्याची यादी), मैदानाची आखणी, दोरीवरची गर्दी ही कामं द्या. फायरिंग पॅनेलपासून लांबच.

उत्तर (फूटपट्टी)

एक राहिलं. न फुटलेली शेल्स अंधारात सगळी सापडत नाहीत, म्हणून उजाडल्यावर पुन्हा शोध घ्यायचा असतो आणि तो परवानाधारक ऑपरेटरनेच. स्कूल बोर्डाच्या करारात मैदानाचा ताबा रात्री ११ पर्यंत लिहिलेला असतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत वाढवून घ्या, आणि त्या सकाळी मुलांचा सॉकरचा सराव लावलेला नाही ना, तेही विचारा.