आजीच्या पेन्शनवर जगणारा मामा, काय करावं?

मुग्धा_एस
आजी 78 ची, आजोबा शिक्षक होते त्यांची फॅमिली पेन्शन येते. मामा 46 चा, धडधाकट, बिनलग्नाचा, नोकरीला लागतो आणि दोन महिन्यांत सोडतो, कधी साहेबाशी पटलं नाही कधी लांब पडतं. एटीएम कार्ड त्याच्याकडेच. एरवी अकराशिवाय उठत नाही पण पेन्शन जमा झाली की सकाळीच आंघोळ करून तयार. परवा गेले तर आजी बीपीची गोळी अर्धी करून घेत होती, उरलेले तुकडे कागदाच्या पुडीत, म्हणाली महिनाअखेर आहे गं, पुरवायला नको का. आई बोलली की आजी आईवरच चिडते, माझ्या पोराला मी नाही बघायचं तर कोणी? आता तो घर नावावर कर म्हणून मागे लागलाय. काय करू?

सह्याद्रीकर
सरळ हाकलून द्या. असल्या आयतोबाला जोवर ताट वाढून मिळतंय तोवर तो हलणार नाही, आमच्या चुलत्यांचं सगळं आयुष्य असंच गेलं, शेवटी वहिनीच्या दारात.

वकीलीण
ताई, आधी घराचं बघा. बक्षीसपत्रावर, म्हणजे घर आत्ताच त्याच्या नावावर करून देणाऱ्या कागदावर, आजीची सही अजिबात होऊ देऊ नका, द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा, ते आजी हयातीत कधीही बदलू शकते. बक्षीसपत्र करायचीच वेळ आली तर "सांभाळ करेन" ही अट त्यात लेखी हवीच, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं, अट लिहिलेली नसेल तर फार जड जातं. अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, तिथेच न्यायाधिकरण असतं. आणि आजीला घेऊन बँकेत जा, जुनं कार्ड ब्लॉक करा, नवीन घेऊच नका, विड्रॉल स्लिपने पैसे काढा. एल्डरलाईन या ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा 14567 नंबर आजीलाही देऊन ठेवा.

नलूमावशी
कायदा बरोबर आहे गं पण आजी तक्रार करणार नाही, मी स्वतः आई आहे म्हणून सांगते. तिला पोराची लबाडी दिसत नाही असं नाही, आपल्यामागे ह्याला कोण विचारणार ही धास्ती असते. हाकलून द्या म्हटलंस की ती त्याच्या बाजूने उभी राहील. त्यापेक्षा तिला एवढंच सांग की ती गेली की पेन्शनही बंद, धडधाकट मुलाला छदाम मिळत नाही, तेव्हा पन्नाशीत ह्याला काम कोण देणार? आत्ताच शिकू दे कमवायला. हे तिला पटेल. आणि गोळ्या महिन्याच्या महिन्याला तूच आणून दे, पैसे हातात देऊ नकोस.

मुग्धा_एस
मावशी, पेन्शन बंद होईल हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, ह्या रविवारी आईला घेऊन जाते आणि बोलते. वकीलीण ताई, आजीला जिना उतरता येत नाही, बँकेचा माणूस घरी येतो का?

वकीलीण
सत्तरीच्या पुढच्यांसाठी बँकांनी घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलंय. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.