मदत हवी आहे: पप्पांना 'कृपा' कशी समजावून सांगू?

सर्वांना सलाम. आम्ही सोलापूरचे, पप्पांनी आख्खं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणले, जेवढे नग तेवढी मजुरी, एक धागा तुटला तरी माग थांबवून गाठ मारणारा माणूस. आता आजारी आहेत, रात्री उठून बसतात आणि म्हणतात मी देवासाठी काय केलं, कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्यासमोर. मी बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8-9 वाचून दाखवलं, की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने मिळतं, ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मांनी मिळत नाही, तर म्हणाले फुकटचं मी कधी कुणाचं घेतलं नाही. रोमकरांस 4:4 मध्ये मजुरीचाच दाखला आहे, काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, हे लगेच पटलं त्यांना, पण पुढचं 5वं वचन, की काम न करता नुसता विश्वास ठेवणाऱ्यालाही देव नीतिमान ठरवतो, ते काही केल्या गळी उतरत नाही. वर याकोबाचं पत्र काढतात, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे म्हणून. मला वाटतं चांगली कामं हे तारणाचं फळ आहे, किंमत नाही, पण हे त्यांच्या भाषेत सांगताच येईना मला. लूक 23 मधल्या, येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं सांगू का, ज्याला येशूने सुखलोकाचं वचन दिलं? त्याच्याकडे तर काही करून दाखवायला वेळच नव्हता. कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसाला हे समजावलंय का? प्लीज सांगा, त्यांचा हात धरून बोलता येईल असं साधं काहीतरी हवंय.