मदत हवी आहे: रिझर्व्ह करूनही पुश_बॅकमधली ब्रँच जात नाही

धागाकर्ता:
सी++ मध्ये सुमारे एक कोटी बाइट एकेक करून किल्लीशी एक्सॉर (बिटनिहाय क्रिया) करतो आणि निकाल स्टँडर्ड व्हेक्टरमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) पुश_बॅकने, म्हणजे शेवटी एकेक जोडत, भरतो. लूपआधी रिझर्व्ह(एन) आहे, म्हणजे एन बाइटांची जागा आधीच राखली आहे; ती कमी पडणे शक्यच नाही. तरी जीसीसी कंपायलरने -ओ३ (जास्त वेगासाठीचा पर्याय) देऊन बनवलेल्या असेंब्लीत दर फेरीला शेवटचा पॉइंटर क्षमतेशी ताडून पाहिला जातो. ही तपासणी कशी घालवू?

प्रतिसाद १:
जागा पुरेल हे तुम्हाला ठाऊक आहे, कंपायलरला नाही. फेऱ्या किती आणि उरलेली क्षमता किती, यांचा संबंध तो लावू शकत नाही.

पण खरा तोटा त्या ब्रँचचा (तपासणीनंतरच्या फाट्याचा) नाही. ती कुठे वळेल हा प्रोसेसरचा अंदाज जवळजवळ दर वेळी बरोबर येतो. तोटा तिच्या पलीकडे आहे: तिथे नवी मेमरी मागणारा कोड आहे, आणि तो लूपमध्ये असेपर्यंत व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक बाइटांवर काम) होत नाही. शिवाय अनसाइन्ड कॅरचा (बाइटच्या प्रकाराचा) पॉइंटर कशाकडेही बोट दाखवू शकतो. त्यामुळे बाइट लिहिला की व्हेक्टरचे स्वतःचे पॉइंटरही बदलले असतील असे धरून कंपायलर ते पुन्हा वाचतो.

म्हणून रिझर्व्हऐवजी रिसाइझ(एन) करा, म्हणजे व्हेक्टरचा आकारच एन होईल; डेटा() चा पॉइंटर लूपबाहेर पी या लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि आयव्या फेरीत पी[आय] मध्ये लिहा. रिसाइझ आधी सगळीकडे शून्य भरतो, तो खर्च मोजून पाहा. इथे तो सहसा परवडतो.

धागाकर्ता:
लूप व्हेक्टराइझ झाला, आभार! दुसऱ्या लूपमध्ये मात्र अटीत बसणारेच बाइट ठेवायचे आहेत. किती निघतील ते आधी कळत नाही.

प्रतिसाद २:
तिथेही रिसाइझ(एन) करा. के शून्यापासून सुरू करा. दर फेरीला त्या फेरीचा बाइट एक्स बिनशर्त लिहा: पी[के] = एक्स, मग के += अट (खरी असेल तर १, नाहीतर ०). अट खोटी असेल तर पुढचा बाइट त्याच जागी बसतो. के कधीच आय च्या पुढे जात नाही, म्हणून एन जागा पुरतात. शेवटी रिसाइझ(के).

अट बेभरवशाची असेल तरच याचा फायदा. प्रोसेसरचा चुकलेला अंदाज साधारण १५ ते २० सायकल खातो. बहुतेक बाइट एकाच बाजूला जात असतील तर साधा इफ ठेवा. पर्फ स्टॅट या मोजमाप साधनात ब्रँच-मिसेस (चुकलेले अंदाज) बघून ठरवा.

प्रतिसाद १:
पुश_बॅकआधी 'आकार क्षमतेइतका असेल तर अनरीचेबल' (ही स्थिती कधी येणारच नाही) असे कंपायलरसाठी लिहूनही तपासणी घालवता येते. पण गृहीतक एकदा जरी चुकले तरी बफरबाहेर लिहिले जाईल, कसलीही सूचना न देता. रिसाइझ जमत असताना त्या वाटेला जाऊ नका.