मदत हवी आहे: आबांनी हरिपाठ सोडलाय, कोणते अभंग द्यावेत?

आम्ही तासगावकडचे. अवकाळीनं द्राक्षाचे मणी तडकले, घड वेलीवरच कुजले. तेव्हापासून माळकरी आबा तुळशीपुढं बसतात, पण तोंड उघडत नाहीत. समजूत काढून झाली, कीर्तनाचे व्हिडिओही लावले. दुष्काळात दिवाळं निघालं, बायको गेली तरी ‘बरे झाले देवा’ म्हणणाऱ्या तुकोबांचा अभंग ऐकवला, तर चिडले. (खरं सांगू, मलाही तो आत्ता पचत नाही.) कर्जाचं बँकेत बोलणं चालू आहे, त्यावर सल्ला नको. गुडघ्यांमुळं पंढरपूर जमणार नाही. ऐकू कमी येतं, मोठं अक्षर वाचतात. नामदेव, जनाबाई, चोखोबा, कुणाचेही चालतील. पण आधी देवाशी भांडून मग त्याचे उपकार मानणारे, चार-पाच ओळींचे अभंग कोणते?