कॅस९ चं प्लास्मिड आता फ्रीजरमध्येच राहू द्या

स्पेसर_२०
माणसाच्या पेशीत जनुक बंद पाडायला कॅस९, म्हणजे डीएनए कापणारं प्रथिन, प्लास्मिडवरून (त्याचं जनुक असलेल्या डीएनएच्या कड्यावरून) देणं सोडा. तयार प्रथिन आणि कुठे कापायचं ते दाखवणारा गाइड आरएनए यांची जोडी, म्हणजे आरएनपी, द्या. जिवाणूत कॅस९ चं काम फेजचा, म्हणजे जिवाणूवर हल्ला करणाऱ्या विषाणूचा, डीएनए कापणं. फेज सतत बदलतो, म्हणून गाइडच्या २० अक्षरांत पॅमपासून (कापायच्या जागेशेजारी लागणाऱ्या छोट्या खुणेपासून) लांबच्या टोकाला एकदोन जुळली नाहीत तरी ते कापतं. जिवाणूला ते परवडतं, त्याचा जीनोम जेमतेम १८-१९ लाख अक्षरांचा. आपला ३०० कोटींचा! प्लास्मिड दिवसचे दिवस कॅस९ बनवत राहतं. आरएनपी दोनेक दिवसांत संपतं, भलतीकडे कापायला उसंतच कमी.

पिपेटपंत
गाइडच वाईट निवडला तर घड्याळ काय करणार? तीनपेक्षा कमी फरकाची दुसरी जागा जीनोममध्ये असेल तर तो गाइड टाकून द्या. प्लास्मिडमध्ये नवा गाइड बसवायला दोन छोटे ऑलिगो, म्हणजे डीएनएचे कृत्रिम तुकडे, पुरतात. शिवाय ट्रान्सफेक्शननंतर, म्हणजे प्लास्मिड पेशीत घातल्यावर, २४ तासांनी प्युरोमायसिन हे पेशी मारणारं औषध, ४८ तास. त्याला तोंड देणारं जनुक प्लास्मिडवर असतं, म्हणून प्लास्मिड न घेतलेल्या पेशी मरतात. आरएनपीत ही चाळणी कुठून आणणार?

स्पेसर_२०
चाळणी एचईकेला, प्रयोगशाळेतल्या त्या चिवट पेशींना, ठीक. टी पेशी, रक्ताच्या मूळपेशी उघड्या डीएनएनंच मरायला लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मंजूर झालेल्या सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही या उपचारातही आरएनपीच इलेक्ट्रोपोरेशननं, म्हणजे विजेच्या झटक्यानं, पेशीत देतात. प्लास्मिडचे तुकडे कापल्या जागी घुसतात ते वेगळंच. कॅस९ ला गाइड १:१.२ मोल, खोलीच्या तापमानाला १०-२० मिनिटं, की झालं. मात्र टी७ या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमनं घरी बनवलेला गाइड फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) न लावता घालू नका. ५ प्राइम टोकाच्या तीन फॉस्फेटांमुळे पेशीला विषाणू आल्यासारखं वाटतं, इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा सुटतो.

जेलवाली
तुम्ही दोघं भांडा, पण तपासता कशानं? ५०० बेसच्या (अक्षरांच्या) पीसीआरनं, म्हणजे तेवढाच तुकडा वाढवून? कापल्यावर कधीकधी काही हजार बेस उडतात, प्रायमरची, म्हणजे पीसीआर सुरू करणारा तुकडा चिकटायची, जागाही जाते. ती प्रत वाढतच नाही, उरलेली एकटीच दिसते आणि क्लोन छान 'होमोझायगस' (दोन्ही प्रती सारख्या) ठरतो. आरएनपीनंही हे टळत नाही. ५ केबीचा (५००० बेसचा) पीसीआर लावा, किंवा शेजारचा हेटरोझायगस एसएनपी (दोन प्रतींत वेगळं असलेलं एक अक्षर) टिकलाय का बघा. टी७ एंडोन्यूक्लिएजवर, म्हणजे न जुळणारे धागे कापणाऱ्या एन्झाइमवर, विसंबू नका: दोन्ही प्रतींत सारखाच बदल असेल तर मूळ न बदललेला डीएनए मिसळल्याशिवाय त्याला काहीच दिसत नाही.

पिपेटपंत
लांब पीसीआर मान्य. पण एचईकेत चाळीस गाइड पारखायचे तर चाळीस कृत्रिम गाइडांचं बिल कोण भरणार? तिथं प्लास्मिडच. निवडलेले दोन मग खुशाल आरएनपीत घाला.