काळ्या टबातील बाष्पीभवनावरून डाळिंबाच्या पाण्याची गरज कशी काढावी?

प्रश्न (सांगोला तालुका, जि. सोलापूर):

माझी दोन एकर डाळिंबाची बाग असून लागवड 4.5 × 3 मीटरवर आहे, म्हणजे एकूण साधारण 600 झाडे. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरला आहे. विहीर मार्चअखेर तळाला जात असल्यामुळे पुढचा सगळा भरवसा 30 × 30 × 3 मीटरच्या, प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्यावर आहे. बाजूंचा उतार 1:1 असल्याने त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते आणि सध्या ते काठोकाठ भरलेले आहे. रोज किती पाणी उडते हे कळावे म्हणून मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर काळा प्लॅस्टिकचा टब पाणी भरून ठेवला आणि आत पट्टी उभी केली. रोज 14 मि.मी. पाणी कमी होते. त्यास झाडामागील 13.5 चौ. मी. क्षेत्राने गुणल्यास 189 लिटर येतात, म्हणजे शेततळे वीस दिवसही पुरणार नाही. गणित कोठे चुकते आहे?

उत्तर 1:

आपल्या गुणाकारात चूक नाही; चूक टबात आहे, आणि टबाचे पाणी म्हणजेच झाडाचे पाणी असे धरण्यातही आहे. तापलेल्या स्लॅबवरचा काळा टब तळातून आणि बाजूंनी उष्णता घेतो, त्यामुळे त्यातले पाणी उघड्या रानातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उडते. वेधशाळेतील ‘क्लास ए’ बाष्पपात्र 120.7 सें.मी. व्यासाचे आणि सुमारे 25 सें.मी. खोल असते व ते लाकडी चौकटीवर, जमिनीपासून थोडे उचलून ठेवतात, ते याचसाठी. आपल्याकडे त्यावर जाळीही बसवतात, नाहीतर कावळ्यांनी प्यायलेले पाणीसुद्धा बाष्पीभवनात जमा होते. (आपल्या टबावर जाळी आहे का?) शिवाय या प्रमाणित पात्राचा आकडाही जसाच्या तसा पिकाला लावत नाहीत, त्यास साधारण 0.7 ने गुणल्यावर संदर्भ बाष्पोत्सर्जन (पाण्याची कमतरता नसलेले, जमीन झाकणारे गवत दिवसाला किती पाणी वापरते तो आकडा) मिळते, आणि पात्राभोवती कोरडे पडीक रान व वारा असेल, तर हा गुणांक आणखी खाली येतो.

टब बाजूला ठेवून केवळ तापमानावरून हार्ग्रीव्ह्ज सूत्राने याच संदर्भ बाष्पोत्सर्जनाचा अंदाज काढता येतो: 0.0023 × (सरासरी तापमान + 17.8) × कमाल व किमान तापमानांतील फरकाचे वर्गमूळ × वातावरणाबाहेरील सौर प्रारण. आपल्या अक्षांशावर एप्रिल-मेमध्ये हे प्रारण पाण्याच्या हिशेबात, म्हणजे तेवढ्या उष्णतेने जितके पाणी उडेल त्या मापात, दिवसाला सुमारे 16 मि.मी. धरावे. कमाल 40 आणि किमान 25 अंश घेतल्यास उत्तर 7.2 मि.मी. येते.

आता दुपारी बाराला झाडाची सावली मोजा. तिचा व्यास 2.8 मीटर असेल, तर क्षेत्र 6.15 चौ. मी. होईल. सावलीच्या क्षेत्रासाठी पीक गुणांक (संदर्भ आकड्याच्या किती पट पाणी पीक वापरते ते) मी 0.8 गृहीत धरतो. 7.2 × 0.8 × 6.15 म्हणजे 35 लिटर, आणि ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरल्यास झाडाला दिवसाला 39 लिटर. तासाला 4 लिटरचे चार ड्रीपर असतील, तर सुमारे अडीच तास.

उत्तर 2:

वरील पद्धत पटते, परंतु एका ठिकाणी अनेकांची फसगत होते. अन्न व कृषी संघटनेच्या 1998 च्या मार्गदर्शिकेतील फळबागांचे गुणांक संपूर्ण जमिनीच्या क्षेत्रासाठी असतात आणि झाडांमधील मोकळी जागा त्यांत आधीच धरलेली असते. त्यांना पुन्हा सावलीच्या टक्क्यांनी गुणले, तर पाणी दोनदा कापले जाते. त्यामुळे हाती आलेला गुणांक कोणत्या क्षेत्रासाठी आहे, हे आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट म्हणजे शेततळ्याचा स्वतःचा हिशेब कोणीच धरलेला नाही. दिवसाला 7 मि.मी. जरी उडाले, तरी 900 चौ. मी. पृष्ठभागावरून 6,300 लिटर जातात. म्हणजे झाडांचे 23,400 आणि हे मिळून सुमारे 29,700 लिटर, त्यामुळे तळे साधारण 74 दिवस पुरेल. पातळी दीड मीटर खाली गेल्यावर पृष्ठभाग 729 चौ. मी. उरतो, तेव्हा हे बाष्पीभवन थोडे घटते.

उत्तर 3:

मी कोणत्याही सूत्रावर पूर्ण विसंबत नाही. ड्रीपरपासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खड्डा घेऊन मूठभर माती दाबतो. गोळा बनून हलक्या दाबाने फुटला, तर पाणी बरोबर आहे असे समजतो. बोटांना पाणी लागल्यास वेळ कमी करतो. मात्र काटकसरीपोटी चार दिवस ताण देऊन पाचव्या दिवशी भरपूर पाणी सोडू नका, फळे तडकतात.

प्रश्नकर्ता:

टब खाली उतरवला. त्यावर जाळी नव्हतीच, आणि काठावर कावळ्यांच्या पायांचे ठसे होते. काल दुपारी सावल्या मोजल्या: जुन्या एकरात व्यास 2.8 मीटर भरला, पण नंतर लावलेल्या एकरात 2.1 मीटरच. तेथे 3.46 चौ. मी. क्षेत्रावर 22 लिटर येतात आणि आजवर दोन्हीकडे एकाच व्हॉल्व्हने पाणी जात होते. वेगळा व्हॉल्व्ह बसवल्यास रोजचा खर्च शेततळ्याच्या बाष्पीभवनासह 24,600 लिटरवर येतो, म्हणजे पाणी 89 दिवस. उद्या प्लंबरला बोलावले आहे.