पात्राचा पूर्वेतिहास किती दाखवायचा?

प्रश्न: ४० मिनिटांची एकांकिका. नायक रावेरकडचा केळीवाला शेतकरी, वय ५५, मुलाशी अबोला. पूर्वेतिहास आठ पानं झालाय, पण पहिल्या प्रवेशात तो सांगायला घेतला की नाटक तिथंच बसतं. काय कापू?

उत्तर १: पानं राहू द्या भाऊ, ती तुमच्यासाठी. संवादातून मात्र काढा. 'तीन वर्षांपूर्वी वादळात बाग आडवी झाली' हे दोघांनाही ठाऊक आहे, मग एकमेकांना का सांगतील? त्यापेक्षा वारा सुटला की बाप बोलता बोलता थांबतो, दाराची कडी दोनदा तपासतो. मुलगा बघतो, काही म्हणत नाही. कारण मध्यानंतर कळू द्या, तेही भांडणात, अर्ध्या वाक्यात.

उत्तर २: सनावळी तपासा. नाटक २०२४ मध्ये घडत असेल तर त्याचा जन्म १९६९चा. १९७२च्या दुष्काळात तो तीन वर्षांचा. तो दुष्काळ 'आठवतो' म्हणाला की फसलं. फार तर आईकडून ऐकलेला. बोलीचंही तेच. रावेर-यावलच्या लेवा पाटील समाजाच्या घरात त्यांची स्वतःची बोली, लेवा गणबोली येईल. खान्देश म्हणून सरसकट अहिराणी घालू नका.

उत्तर ३: दोघांशी सहमत, एक भर. 'बापानं मारलं म्हणून हाही मारतो' असं एकच कारण दिलं की पात्र गणित होतं. त्याच जखमेतून उलटी कृतीही निघू द्या: मुलाशी अबोला, पण त्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल हाच भरून ठेवतो. तालमीत नटाला दहा मिनिटं खुर्चीत बसवून पात्र म्हणून प्रश्न विचारा. जिथं तो अडखळतो, तेवढंच अजून लिहायचं राहिलंय.